वाढदिवसाचे ताट आणि भोवतालचा मुलूख

लहान मुलाच्या वाढदिवसाला आगगाडी, जंगल, शेत किंवा आवडती गोष्ट असा एखादा विषय ठरवून त्याला साजेसे खाद्यपदार्थ मांडण्याची पद्धत आता महानगरांपुरती राहिलेली नसून यवतमाळसारख्या जिल्ह्यातील तालुक्याच्या गावांतही ती चांगली रुळली आहे. ती महागडी आणि किचकट असते, असा जो समज आहे, तो मुख्यतः बाजारातून तयार येणाऱ्या केकमुळे निर्माण झालेला आहे. साखरेच्या घट्ट लगद्याची पोळी लाटून, ती केकवर चढवून, तिच्यातूनच चित्रे कोरण्याचे काम खरोखरच कारागिराचे असते आणि त्याचे मोलही तसेच द्यावे लागते. परंतु विषय केकवरच उमटला पाहिजे असा नियम नाही. रोजच्या स्वयंपाकातील चार-पाच पदार्थ विशिष्ट आकारात कापले, नेमक्या रंगांत बांधले आणि ताटात एका क्रमाने ठेवले, तर तोच परिणाम साधतो, खर्च आटोक्यात राहतो आणि मुले ते पदार्थ खातातही. या प्रकरणात यवतमाळ जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून, तेथील हवामान, पिके, सण आणि मुलांच्या परिचयाच्या गोष्टी यांच्या आधारे असे ताट कसे रचता येते, याचा विचार केला आहे.

परंपरेतील विषय

मेणबत्त्या लावलेला वाढदिवसाचा केक ही अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशात रुजलेली प्रथा असून ती इंग्रजी अंमलाच्या काळात भारतात आली. मराठी घरांतील मूळचा वाढदिवस मात्र औक्षणाचा असतो. पाटावर बसवलेल्या मुलाला कुंकवाचा टिळा लावून, अक्षता टाकून, सुपारी, अंगठी आणि निरांजन यांनी ओवाळायचे आणि नंतर गोडाचे जेवण वाढायचे, असा तो साधा विधी आहे, आणि त्यात खाद्यपदार्थांना आकार देण्याचा भाग जवळजवळ नाही. तो भाग महाराष्ट्राने वाढदिवसाला नव्हे, तर सणांना जोडला, आणि त्यातील काही सण तर सर्वस्वी मुलांचेच आहेत.

त्यांपैकी सर्वांत ठळक उदाहरण बोरन्हाणाचे होय. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत, साधारणपणे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, मुरमुरे, बत्तासे आणि रेवड्या यांचा अभिषेक करतात. जमलेली मुले तो खाऊ वेचतात. मुकुट, बाजूबंद आणि बासरी यांमुळे मुलगा कृष्ण होतो, तर मुलगी राधेच्या वेषात सजते. म्हणजे वेष, खाऊ, खेळ आणि पाहुणे मुले या चारही गोष्टी एका कल्पनेभोवती गुंफलेल्या असतात, आणि आजच्या विषयबद्ध वाढदिवसात याहून वेगळे काही नसते. या खाऊत हिवाळ्यातील शिवाराचे पीकच जवळजवळ सगळे उतरलेले असते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

दागिन्यांसाठी लागणारा हलवा करताना परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर तापत ठेवतात, त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा सोडतात आणि बोटांनी सतत हलवत राहतात. पाकातील पाणी उडून गेले की साखरेचा एक पातळ थर दाण्यावर बसतो, त्यावर पुढचा चमचा, त्यावर आणखी एक, असे थर वाढत गेले की दाण्यावर काटे उभे राहतात. आच वाढली तर पाक पिवळा पडतो आणि घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, त्यामुळे हे काम संयमाचे मानले जाते. त्यामागचे तत्त्व मात्र कोणत्याही आकाराच्या मिठाईला लागू पडते: साखर आकार धरते ती तिच्यातील पाणी कमी झाल्यावर, आणि जेवढे पाणी कमी, तेवढा आकार टिकाऊ.

याच तत्त्वावर साखरेच्या गाठी तयार होतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर कडक पाक ओततात आणि तो गार झाला की पदकांची माळ सुटून येते. पश्चिम महाराष्ट्रात ही माळ गुढीला बांधली जाते, तर विदर्भात ती होळीच्या दिवसांत लहान मुलांच्या गळ्यात पडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा तान्हा पोळा हाही विदर्भाचा खास बालसण असून, मुले लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि त्यांना खाऊ व पैसे मिळतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजी यांनी १८०६ साली तो सुरू केला, अशी परंपरा सांगितली जाते. याशिवाय आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्याच्या अवसेला, गुळाच्या कणकेचे दिवे उकडतात. साचा, कातण, सोऱ्या आणि मोदकपात्र ही आकार देण्याची साधने त्यामुळे बहुतेक घरांत आधीपासूनच असतात आणि त्यांसाठी वेगळी खरेदी करावी लागत नाही.

विषयाची मांडणी

विषयाचे ताट रचताना तीन मर्यादा पाळल्या की काम सोपे होते. पहिली म्हणजे एका ताटात आकार एकाच गोष्टीचे असावेत. आगगाडी ठरली असेल तर डबे आणि चाके एवढेच, त्यात फुले आणि तारे मिसळू नयेत. दुसरी म्हणजे मुख्य रंग तीनपेक्षा अधिक नसावेत. तिसरी मर्यादा अशी की, पाच पदार्थांपैकी दोनच पदार्थांना आकार द्यावा आणि उरलेले तीन नेहमीच्या रूपातच ठेवावेत, कारण मुलाची नजर दोन ओळखीच्या आकारांवर ठरली की उरलेले ताट ते आपल्या कल्पनेने पूर्ण करते. मोठ्यांना अपूर्ण वाटणारी आगगाडी चार वर्षांच्या मुलाला पूर्ण दिसते. विषय निवडताना परदेशी चित्रपटातील पात्रापेक्षा मुलाने स्वतः पाहिलेली किंवा घरात ऐकलेली गोष्ट घेतली, तर आणखी एक लाभ होतो: पात्राचा चेहरा हुबेहूब काढावा लागतो आणि तो चुकला की मूल हिरमुसते, परंतु गाडी, बैल किंवा वाघ कसाही काढला तरी तो ओळखू येतो.

शकुंतलेची गाडी

यवतमाळच्या मुलांसाठी आगगाडी हा विषय निवडायचा झाल्यास यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला या गाडीइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९०३ च्या सुमारास उभारला. वऱ्हाडातील कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणि तेथून मुंबई बंदरातून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवणे, हा त्यामागचा हेतू होता. मँचेस्टर येथे १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन या मार्गावर सत्तर वर्षे धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. पुढे ही गाडीच बंद पडली, त्यामुळे आजच्या मुलांना ती आजी-आजोबांच्या आठवणींतूनच ठाऊक होते. ताटात ती आणली की त्या आठवणी सांगण्याला आपोआप निमित्त मिळते.

डब्यांसाठी बेसनाचा ढोकळा सर्वांत सोयीचा ठरतो, कारण तो सपाट थरात शिजतो, काटकोनात कापला जातो आणि गार झाल्यावरही मऊ राहतो. बेसनाच्या पिठात लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि वाफेच्या उष्णतेने पीठ त्यांच्याभोवती घट्ट होऊन जाळी पडते. म्हणूनच सोडा घातल्यानंतर पीठ थांबवून ठेवू नये. पाणी आधी उकळत असावे आणि डबा लगेच वाफेवर चढावा. २० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी डब्यातील ढोकळ्याचे १० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असे दहा तुकडे पडतात, म्हणजे दहा डबे तयार होतात. पंधरा मुलांसाठी दोन घाणे पुरतात. ढोकळा पूर्ण गार झाल्यावर आणि सुरीला तेल लावून कापला, तर कडा फाटत नाहीत.

चाकांसाठी काकडीच्या आणि वाफवलेल्या गाजराच्या चकत्या घ्याव्यात आणि त्या डब्याला हिरव्या चटणीने चिकटवाव्यात. दात कोरण्याच्या काड्या टोचण्याची पद्धत दिसायला नीट असली तरी लहान मुलांच्या ताटात टोकदार काडी असू नये. इंजिनाचे धुराडे म्हणून गाजराचा उभा तुकडा चालतो. मालगाडीच्या उघड्या वाघिणी दाखवायच्या असतील तर काही तुकड्यांचा मधला भाग चमच्याने उथळ कोरून त्यात मुरमुऱ्याचा कमी तिखट चिवडा किंवा मोडाच्या मटकीची उसळ भरावी, आणि एका वाघिणीत पनीरचे पांढरे चौकोन रचावेत. कापसाच्या गाठी वाहून नेणारी गाडी म्हणून शकुंतलेची ओळख त्या एका वाघिणीमुळे पुरी होते. रूळ काढण्यासाठी शेवयांच्या दोन समांतर रेषा आणि त्यांवर आडव्या ठेवलेल्या बीन्सच्या शेंगा पुरेशा असतात.

टिपेश्वरचा वाघ

जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पांढरकवडा आणि घाटंजी परिसरात, सुमारे १४८ चौरस किलोमीटरवर पसरलेले टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे जंगल हा विषय येथील मुलांना चित्राच्या पुस्तकापुरता राहत नाही. वाघाचा चेहरा रंगवण्यापेक्षा त्याच्या पायाचा ठसा खाद्यपदार्थावर उमटवणे अधिक सोपे आणि अधिक अर्थपूर्ण आहे. वाघाच्या ठशात मागे एक मोठी गादी आणि पुढे चार बोटे दिसतात, परंतु नखे दिसत नाहीत, कारण मांजर कुळातील हा प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो; कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या ठशात मात्र बहुधा नखांच्या खुणा उमटतात. वनरक्षक जमिनीवर जे वाचतात, तेच मूल बिस्किटावर वाचायला शिकते.

त्यासाठी ज्वारीची नानकटाई करावी. एक वाटी कणीक, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी साजूक तूप, अर्धी वाटी पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड एवढेच साहित्य त्याला लागते. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते, म्हणून केवळ ज्वारीची नानकटाई हातात घेताच भुगा होते. कणकेची जोड दिल्यास ती खुसखुशीत राहूनही आकार धरते. तूप आणि साखर आधी फेसून, त्यात पिठे हलक्या हाताने मिसळून गोळे वळावेत आणि किंचित दाबावेत. मग अंगठ्याने मधोमध एक मोठा खळगा आणि करंगळीच्या टोकाने त्याच्या पुढच्या बाजूला कमानीत चार लहान खळगे पाडले की पाऊल उमटते. हे काम वाढदिवसाच्या मुलाकडेच सोपवण्याजोगे आहे. एरवी नानकटाईत घातला जाणारा सोडा येथे टाळावा, कारण तो पीठ फुगवतो आणि ठसा बुजवतो. त्याच कारणासाठी वळलेले गोळे भाजण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत, म्हणजे तूप घट्ट होऊन भट्टीत उशिरा वितळते आणि तोवर कडा शिजून पक्क्या होतात. भट्टी नसलेल्या घरात शिट्टी आणि रबरी कडे काढलेल्या कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरून, तो दहा मिनिटे तापवून, त्यावर जाळी आणि ताटली ठेवून मध्यम-मंद आचेवर २५ ते ३० मिनिटांत नानकटाई भाजली जाते. ती गरम असताना मऊ लागते आणि गार झाल्यावरच खुटखुटीत होते, म्हणून मऊपणा पाहून अधिक भाजू नये. भाजल्यावर खळग्यांत थोडे विरघळवलेले चॉकलेट सोडले की ठसा गडद दिसतो.

पट्ट्यांसाठी वेगळा पदार्थ हवा असल्यास कणीक, बेसन, हळद आणि किसलेले गाजर यांचा पराठा लाटून, त्यावर काळ्या तिळांच्या वेड्यावाकड्या ओळी दाबून तो भाजावा. तीळ आधी पाण्याचा हात लावलेल्या पराठ्यावर दाबले तरच चिकटून राहतात.

कापसाचे बोंड आणि पोळ्याचा बैल

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा असल्याने शेत हा विषय येथे सहज उभा राहतो. सांबारवडी, म्हणजे विदर्भात सांबार म्हटल्या जाणाऱ्या कोथिंबिरीची वडी, उकडून न तळता ताटात हिरव्या तुकड्यांत पसरली की शेताची जमीन तयार होते. उमललेल्या बोंडात कापसाच्या बहुधा चार किंवा पाच पाकळ्या असतात, म्हणून खोबऱ्याच्या किसाचे चार छोटे पांढरे लाडू एकमेकांना चिकटवून ठेवले की बोंड ओळखू येते. हे लाडू किसलेले ओले खोबरे, आटवलेले दूध आणि साखर यांचे करतात, आणि मिश्रण कढईच्या कडा सोडू लागले की ते वळण्याजोगे झाले असे समजावे. शेतातील खरी बोंडे किंवा पऱ्हाटीच्या फांद्या मात्र शोभेसाठीसुद्धा ताटाजवळ ठेवू नयेत. कपाशीवर कीटकनाशकांच्या फवारण्या होतात, आणि २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले, हे विसरून चालणार नाही. कपाशीच्या कच्च्या सरकीतही गॉसिपॉल हे अपायकारक द्रव्य असते.

पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांसाठी तान्ह्या पोळ्याचा बैल उत्तम. दिव्याच्या अवसेची कृतीच येथे वापरावी: गुळाच्या पाण्यात तुपाचे मोहन घालून घट्ट कणीक भिजवावी, लांबट गोळ्याला वशिंड आणि चार आखूड पाय काढावेत आणि तेल लावलेल्या चाळणीवर ठेवून १५ ते २० मिनिटे उकडावे. कणीक सैल असली तर वाफेने पाय पसरतात. शिंगे कणकेची केली तर ती लवून पडतात, म्हणून बैल गार झाल्यावर सुक्या खोबऱ्याचे पातळ काप खोचावेत, आणि त्यांची टोके बिटाच्या रसात बुडवली की रंगवलेल्या शिंगांचा भास होतो. डोळ्यांना काळ्या मनुकांचे बारीक तुकडे लावावेत. लवंग किंवा मिरी वापरू नये. खऱ्या बैलाच्या शिंगांना लावतात तो बेगड खाण्याच्या पदार्थाला कधीही लावू नये.

रंग कोठून आणावेत

बाजारातील तयार रंगांविषयी कायदा स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खालील नियमांनुसार भारतात आठच कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी असून, तीही ठरावीक पदार्थांपुरती आणि सर्वसाधारणपणे दर किलोला १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे. कापड रंगवण्यासाठी वापरले जाणारे रोडामाइन-बी हे द्रव्य त्यांत नाही. म्हातारीच्या केसांत ते आढळल्यामुळे तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली आणि त्यानंतरच्या महिन्यात कर्नाटकाने कृत्रिम रंग घातलेल्या अशा मिठाईला मनाई केली. सुटा, नाव-गाव नसलेला रंग म्हणूनच घरात आणू नये. त्याची गरजही पडत नाही, कारण स्वयंपाकघरातच पुरेसे रंग असतात. फक्त त्यांचे स्वभाव समजून घ्यावे लागतात.

बिटाचा लाल-गुलाबी रंग बराच वेळ उकळल्यास तपकिरी पडतो, पण लिंबाच्या आंबटपणात अधिक टिकतो, म्हणून बिटाचा रस पदार्थ उतरवल्यावर घालावा. पालकाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि तो नेमका आंबटाने बिघडून शेवाळी होतो; पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात काढावा आणि मग वाटावा. हळदीतील पिवळे द्रव्य अल्कलीच्या संपर्कात लाल होते, म्हणून सोडा नीट न मिसळलेल्या ढोकळ्यावर तांबडे डाग पडतात. ढोकळ्यात हळद चिमूटभरच असावी. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा रंग आंबटाबरोबर जांभळा होतो, आणि या गुणाचा उपयोग पाहुण्या मुलांच्या करमणुकीसाठी करता येतो. फवारणी न केलेल्या अंगणातील दहा-बारा फुले गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून, गाळून, साखर घालून निळे सरबत करावे आणि प्रत्येक मुलाच्या हाती लिंबाची एक फोड द्यावी. लिंबू पिळताच पेल्यातील निळे सरबत जांभळे होते.

उन्हाळा, हिवाळा आणि ताट

यवतमाळमध्ये एप्रिल आणि मे महिन्यांत दुपारचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि लोण्यातील स्निग्धांश मात्र ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यानच वितळतो. साय किंवा लोणी फेसून सजवलेला केक उन्हाळ्यात ताटात पोहोचेपर्यंत का ढासळतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. जिलेटीनच्या जेलीचीही तीच गत होते, कारण तीही ३५ अंशांच्या आतच पातळ होते. शिवाय जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनत असल्याने अनेक घरांत ते चालत नाही. चायना ग्रास, म्हणजे समुद्रातील लाल शेवाळापासून काढलेले अगर, हे दोन्ही बाबतींत सरस आहे: ते ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही.

या गुणाचा सर्वांत सोपा उपयोग संत्र्याच्या सालीत करता येतो. संत्रे आडवे कापून, साल न फाडता आतल्या फोडी काढून वाट्या कराव्यात. काढलेल्या फोडींचा रस गाळून घ्यावा. पाव लिटर पाण्यात पाच ग्रॅम चायना ग्रास भिजवून ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, त्यात साखर घालावी आणि आचेवरून उतरवल्यावर पाव लिटर रस मिसळावा. आंबट रस अगरबरोबर उकळला तर जेली सैल राहते. हे मिश्रण वाट्यांत ओतून गार झाले की प्रत्येक वाटीचे तीन तुकडे करावेत, म्हणजे सालीसकट नारिंगी फोडी हाती येतात. रात्रीच्या जंगलाच्या ताटात त्याच चंद्रकोरी होतात. विदर्भात आंबिया बहाराचे संत्रे हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहाराचे हिवाळ्याच्या अखेरीस येते, म्हणून हा पदार्थ साधारणपणे ऑक्टोबरअखेर ते मार्चपर्यंतच्या वाढदिवसांना जमतो. उन्हाळ्यात संत्र्याऐवजी आंब्याचा रस आणि सालीऐवजी साधी वाटी घ्यावी.

शिजवलेले पदार्थ खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक आणि ३२ अंशांवरील उष्म्यात एका तासापेक्षा अधिक ठेवू नयेत, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. त्यानुसार नानकटाई आणि चिवडा दोन दिवस आधी, खोबऱ्याचे लाडू व जेली आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये आणि ढोकळा त्याच दिवशी, कार्यक्रमाच्या थोडाच वेळ आधी करावा. गाडी मात्र पाहुणे आल्यावरच जोडावी. उन्हाळ्यात कार्यक्रम सूर्यास्तानंतर ठेवणे सर्वच दृष्टींनी बरे.

लहान घशांची काळजी

सजावटीच्या उत्साहात जी गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते, ती म्हणजे पाहुण्यांचे वय. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, लाह्यांसारखे फुटलेले मक्याचे दाणे आणि गोल कडक गोळ्या देऊ नयेत, कारण त्या श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्षे उभी चार भागांत चिरावीत आणि बोरे बिया काढून द्यावीत. बोरन्हाणातही अंगावर टाकलेला खाऊ तान्ह्या मुलांच्या तोंडात जाणार नाही याकडे कोणी तरी लक्ष द्यावे लागते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवण्याची जुनी चाल टाळावी, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. शेंगदाणे, दूध किंवा गहू यांचे वावडे असणारे मूल पाहुण्यांत आहे का, हे निमंत्रण देतानाच विचारावे. प्रमाणाच्या बाबतीत एक गोड, दोन तिखटमिठाचे, एक फळ आणि एक पेय असा पाच पदार्थांचा हिशेब पुरतो. लहान मूल प्रत्येकाचा एखादा-दुसराच तुकडा खाते, आणि अधिक पदार्थ केले तर वाया जातात.

हे ताट घरापुरतेच राहावे असेही नाही. प्रधानमंत्री पोषण योजनेत वाढदिवसासारख्या प्रसंगी गावकऱ्यांनी शाळेतील मुलांच्या जेवणात आपल्याकडून भर घालण्याची तरतूद असून, देशभर ती तिथी भोजन आणि महाराष्ट्रात स्नेहभोजन या नावाने ओळखली जाते. ज्या पालकांना वीस मुलांना घरी बोलावणे परवडत नाही त्यांनी, आणि ज्यांना परवडते त्यांनीही, मुलाच्या वाढदिवशी मुख्याध्यापकांना विचारून, शाळेच्या नियमांत बसेल अशा रीतीने, ढोकळ्याची एक मालगाडी किंवा वाघाच्या पावलांच्या नानकटाईचा एक डबा वर्गात न्यावा. त्या दिवशी वर्गातील प्रत्येक मुलाच्या ताटात तोच पदार्थ पडेल, आणि वाढदिवसाच्या खर्चावरून मुलामुलांत जो भेद पडतो, तो निदान त्या दिवसापुरता तरी राहणार नाही.